अण्णाचा बैल आणि माझा प्रिंटर

प्रिंटर घरी आला त्या दिवशी बायकोनं खोक्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे ठेवणार कुठं?"

प्रश्न रास्त होता. शहापुरातलं आमचं घर असं आहे की पुढच्या दारातून आत आलेला माणूस सरळ चालत मागच्या दारानं बाहेर पडतो. मध्ये वळायला म्हणून जागा नाही. शेवटी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून जिथं मिक्सर होता तिथं प्रिंटर बसला आणि मिक्सर शिलाई मशीनवर गेला. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरी चटणी वाटायची म्हणजे आधी शिलाई मशीन आवरावं लागे, आणि आवरताना बायको दर वेळी एक वाक्य बोलायची. वाक्य वेगळं असे, अर्थ एकच.

मी एका सहकारी सोसायटीच्या ऑफिसात नोकरीला आहे. आठवडाभर लोकांच्या अर्जांवर शिक्के मारायचे आणि रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचं, हे बरीच वर्षं चाललेलं. फोटो काढणं मला जमत होतं. ते कागदावर उतरवणं मात्र बाजारातल्या दुकानदारांच्या हातात, आणि तिथं ज्याच्या त्याच्या मशीनचा स्वभाव वेगळा. एका दुकानात सगळी माणसं गाजरासारखी निघायची, दुसऱ्यात आजारी. म्हटलं, आपण घरीच छापू. जे स्क्रीनवर दिसतं तेच कागदावर आणायचं, त्यात अवघड काय असणार?

पहिला फोटो छापला तो बायकोचा. ती मराठी शाळेत शिक्षिका आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मोरपंखी साडी नेसून ती माइकसमोर उभी असताना मी तो काढला होता. कॉम्प्युटरवर तो इतका सुरेख दिसत होता की मी स्वतःवरच खूश होतो. प्रिंटर कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला आणि कागद हळूहळू बाहेर सरकला. साडी मोरपंखी राहिली नव्हती, शाळेच्या फळ्यासारखी झाली होती. चेहरा बघितला आणि मी कागद पालथा घातला.

"दाखवा की."

"ओला आहे अजून."

"असू दे ओला. मीच आहे ना त्यात?"

तिनं कागद खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला.

"मी शाळेत अशी जाते?"

"नाही गं. शाईचा दोष आहे."

"नुसता हा फोटो जोडून रजेचा अर्ज टाकला तर कारणसुद्धा लिहावं लागणार नाही."

तिथून माझा अभ्यास सुरू झाला. इंटरनेटवर ह्या विषयाची जाणकार माणसं भरपूर आहेत आणि त्यातल्या कुणाचंही दुसऱ्याशी पटत नाही. एवढं मात्र समजलं की स्क्रीन म्हणजे आतून दिवा लावलेली काच. कागदाला स्वतःचा उजेड नाही, वरून पडेल तेवढ्यावर त्याचं चालतं. आपण स्क्रीनचा उजेड वाढवून ठेवतो आणि मग कागद काळवंडला म्हणून ओरडतो. शिवाय कॉम्प्युटर आपल्या परीनं रंग सुधारतो आणि तेच काम प्रिंटरही न विचारता पुन्हा करतो. एकाच आमटीत सासूनंही मीठ घातलं आणि सुनेनंही, असं काहीसं.

मग मी स्क्रीनचे रंग मोजणारं एक यंत्र मागवलं. मूठभर आकाराचं. वायरला लोंबकळत ते स्क्रीनच्या मधोमध चिकटून बसतं, त्याच्याखाली लाल, हिरवे, निळे चौकोन एकामागून एक उमटतात आणि ते प्रत्येकाचं माप घेतं. हे चाललेलं असताना खोलीत दिवा नको असतो. मी खिडक्या लावून अंधारात बसलो होतो. मोजमाप संपलं आणि स्क्रीन एकदम मंद, पिवळट झाला. तेवढ्यात बायको आत आली.

"व्होल्टेज कमी झालंय का हो?"

"नाही. आता हा बरोबर झालाय. खरे रंग हे आहेत."

"मग इतके दिवस आपण खोटे बघत होतो?"

"व्हय."

"बरे दिसत होते की."

त्यात शेवटची अडचण निघाली ती आमच्या ट्यूबलाइटची. छापलेला फोटो ट्यूबखाली एक दिसायचा, दिवसाच्या उजेडात दुसरा. जाणकारांच्या म्हणण्याप्रमाणे खरा निवाडा दिवसाच्या उजेडातला. म्हणून मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी गच्चीवर जाऊ लागलो. शेजारच्या गच्चीवर आक्का पापड वाळत घालत असायच्या. त्यांना काय दिसत होतं त्याचा मी विचारच केला नव्हता. रोज सकाळी एक माणूस हातात बायकोचा फोटो घेऊन गच्चीवर येतो, तो उजेडाकडं धरतो, लांब करून बघतो, जवळ आणून बघतो, मान हलवतो आणि उसासा टाकून खाली जातो. आक्कांनी एक दिवस बायकोला हळूच विचारलं, "व्हय गं, घरात सगळं बरं हाय न्हवं?"

हळूहळू जमलं मात्र. कागदाच्या प्रत्येक जातीला स्वतःची मापं लागतात हे कळलं, प्रिंटरला आपलं डोकं चालवू नकोस म्हणून सांगायची जागा सापडली, आणि एका सकाळी गच्चीवर मी बघतो तर मोरपंखी साडी मोरपंखी होती. खाली येऊन फोटो बायकोला दिला. तिनं तो शाळेत नेला, तिथल्या बायकांना दाखवला, आणि संध्याकाळी मिक्सर कुठं ठेवायचा ह्याबद्दल काहीही न बोलता चटणी वाटली. मी त्याला प्रमाणपत्र समजलो. आपल्याला आता कुणाचाही फोटो हुबेहूब छापता येतो, अशी माझी खात्री झाली. आणि त्याच आठवड्यात अण्णा आला.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे बेळगुंदीचे. मी नोकरी धरून शहरात आलो, अण्णा शेतातच राहिला. घरी ट्रॅक्टर आला तेव्हा त्यानं जोडीतला एक बैल विकला, पण दुसऱ्याला हात लावू दिला नाही. तो बैल कोसा होता. धड पांढरा नाही आणि धड तांबूसही नाही, दुधात चहाचा थेंब पडावा तसा. अंगानं मोठा आणि स्वभावानं अण्णासारखाच, म्हणजे सगळं स्वतःच्या मनानं. अण्णाशिवाय कुणालाही दावं धरू द्यायचा नाही. पुढं अण्णाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता गोठा बंद. पुतण्याची कारखान्यात पाळी असते, वहिनीला बैल जुमानत नव्हता. शेवटी निपाणीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं, जो जनावरं लेकरासारखी सांभाळतो असं सगळे सांगत होते, तो नेला. टेम्पो दारात आला तेव्हा अण्णा काठी टेकत मागच्या बाजूनं शेताकडं निघून गेला. वहिनीनं बैलाच्या कपाळाला हळदकुंकू लावून त्याला गाडीत चढवलं. टेम्पो नजरेआड झाल्यावर बऱ्याच वेळानं अण्णा घरी आला आणि पाणी पिऊन झोपला.

ही सगळी हकिगत मला वहिनीनं सांगितलेली. अण्णा स्वतः त्याबद्दल काही बोलायचा नाही. त्यामुळं त्या दिवशी आमच्या दारात काठी भिंतीला टेकवून तो खुर्चीवर बसला आणि थेट बैलाचंच बोलू लागला तेव्हा मला जरा नवल वाटलं.

"बेंदराला तू त्येचा फोटो काढलातास बघ. आंघोळ घालून वड्यातनं वर आनला तवा."

"आहे की माझ्याकडं."

"त्यो मोठा करून दे. हॉल नवीन रंगवलाय. दारातनं आत आलं की समोर पैला त्योच दिसला पायजे."

मला काय आनंद झाला सांगू! माझी सगळी विद्या आता घरच्या कामाला येणार होती. मोठा कागद घातला, मापं लावली. फोटो बाहेर आला तो स्क्रीनवर होता तस्साच, केसभर इकडंतिकडं नाही. मी तो गच्चीवर नेला, तपासला आणि अभिमानानं अण्णाच्या मांडीवर ठेवला.

अण्णानं चष्मा लावला. काढला, पुसला, परत लावला.

"ह्यो कुणाचा बैल म्हनायचा?"

"अण्णा, आपलाच की."

"माझा बैल दुधात च्या पडल्यागत हाय. ह्यो ताकात राख पडल्यागत दिसाय लागलाय." त्यानं खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. तोच फोटो मी त्याला बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी पाठवला होता. "ह्यो बघ. ह्येला म्हनत्यात बैल."

फोनमध्ये बैल खरोखरच मधासारखा दिसत होता. मी कॉम्प्युटरवर बघितलं. तिथं तो पांढुरका आणि खांद्याशी किंचित राखट होता. माझा स्क्रीन मोजलेला, अण्णाचा फोन कुणी मोजलेला नाही. मी त्याला दिव्याचं, कागदाचं, सासूसुनेच्या आमटीचं सगळं समजावून सांगितलं. अण्णानं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्या मशिनीला बैल कळत न्हाय," तो म्हणाला. "ती शहरातली हाय."

मी दुसरा फोटो जरा उबदार करून छापला. तो त्याला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाटला. तिसऱ्यात लाल वाढवला तर म्हणाला, "ह्येला ताप हाय." मग मी चिडून अगदी फोनमधल्यासारखा पिवळा करून टाकला. तो त्याला जवळजवळ पसंत पडला होता, पण शिंगंसुद्धा पिवळी झाली होती. "शिंगं तशी न्हाईत," म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी प्रिंटरमध्ये शाईची एक नळी तुंबली आणि बैल हिरवा आला. नुसता हिरवट नव्हे, पोपटी. मी तो फाडणार होतो, पण अण्णानं तोही बाकीच्यांबरोबर पिशवीत घातला. फुकट कशाला घालवायचा म्हणाला.

असे बरेच रविवार गेले. अण्णा सकाळच्या बसनं यायचा, दुपारी जेवून आणि एक नापसंत बैल घेऊन परत जायचा. मधूनच वहिनीचा फोन यायचा. "भावजी, तेवढा बैल करून द्या हो. हे जेवताना पन फोनमधी बघून बसत्यात. भाकरी आमटीत बुडवायची सोडून च्यात बुडवली काल."

गुपित फोडलं ते बायकोनं. एका रविवारी अण्णानं वहिनीला फोन लावून द्यायला सांगितला म्हणून तिनं त्याचा फोन हातात घेतला आणि म्हणाली, "अण्णा, तुमच्या फोनला हे पिवळं कुणी लावून दिलंय?"

"कसलं पिवळं?"

डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फोनचा पडदा पिवळसर करायची एक सोय असते. पुतण्यानं ती कधीतरी चालू करून दिली होती आणि ती रात्रंदिवस तशीच होती. बायकोनं ती बंद केली. फोनमधला बैल एका क्षणात माझ्या पहिल्या फोटोसारखा झाला. तसाच राखट, तसाच पांढुरका.

मी जिंकलो होतो. पण मी अण्णाकडं बघितलं. एवढे महिने तो ज्याच्याकडं बघत जेवत होता, तो बैल त्याच्या हातातल्या हातात निघून गेला होता. तो फोन हलवून बघू लागला.

"मास्तरीणबाई, हे हाय तसं करा परत. फोन बिघडला."

"बिघडला नाही अण्णा. आता खरा रंग दिसतोय."

"खरा कसा? मी रोज त्येच्या अंगावरनं हात फिरवलाय. मला म्हाईत न्हाय व्हय?"

"फोन फोन असतो," मी म्हणालो, "पण मोजलेला स्क्रीन—"

"तू त्येला वरसातनं एकदा बघनार, बेंदराला!"

आवाज चढले. बायकोनं फोन टेबलावर ठेवला आणि वर्गात बोलायच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघं बैलाच्या रंगावरनं भांडताय आणि बैल निपाणीला उभा आहे. जाऊन बघून या की!"

हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं गाडीनं निघालो. बायकोचं माहेर निपाणीचं, तिला कन्नड चांगलं येतं, आणि वाद झाला तर मध्ये कुणीतरी हवं म्हणून ती आली. अण्णानं इस्त्रीचा सदरा आणि कोरी टोपी घातली होती. मांडीवर भुईमुगाच्या पेंडीची पिशवी, पायाशी नापसंत बैलांच्या फोटोंची. लेकीच्या सासरी निघालेला माणूस असतो तसा तो वाटभर गप्प होता. संकेश्वरला मी चहासाठी गाडी बाजूला घ्यायला लागलो तर म्हणाला, "च्या परत येताना पिऊ. त्येची वैरनीची येळ व्हईल."

निपाणीच्या अलीकडं एका गावात उसाच्या कडेनं रस्ता आत जातो, तिथं त्यांचं घर. बैलाचे नवे मालक उंच, सडपातळ, बोलायला मऊ असे जैन शेतकरी. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ते दारातच उभे होते. "या या, अण्णा. गाडी सावलीला लावा. आधी पानी घ्या."

"पानी मागनं. कुठं हाय त्यो?"

गोठा घराच्या बाजूला होता. ऊन लागू नये म्हणून आप्पांनी वरून आणि बाजूनं हिरवी जाळी बांधली होती. आम्ही वाकून आत गेलो आणि तिघंही जागच्या जागी थांबलो. बैल हिरवा होता. डोक्यापासून शेपटीपर्यंत हिरवा, माझ्या तुंबलेल्या नळीच्या फोटोसारखा.

अण्णा आप्पांकडं वळून अगदी हळू म्हणाला, "आप्पा, काय घालताय ह्येला?"

"मका. आनि पेंड." आप्पांना काही समजलं नाही. "का?"

बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी अण्णाला जाळीतून आलेला उजेड दाखवला, माझा स्वतःचा हात दाखवला, तोही हिरवाच होता. मग आप्पांनी दावं सोडलं. बैल त्यांच्या मागून मुकाट बाहेर अंगणात आला. अण्णाचं तिकडं बरोबर लक्ष गेलं. त्याच्याशिवाय कुणालाही दावं धरू न देणारा बैल दुसऱ्याच्या मागून शेळीसारखा चालत होता.

अण्णा काठी टेकत पुढं झाला आणि त्यानं हाक मारली. वैरण टाकताना मारायचा तीच, नाव नसलेली, घशातून काढलेली हाक. बैल पाटीतला मका खात होता. त्यानं मान वर केली नाही. फक्त एक कान अण्णाच्या बाजूला वळवला आणि खाणं चालू ठेवलं.

"वळखलं!" अण्णा म्हणाला. "बघितलास न्हवं? कान बघितलास?"

"व्हय व्हय, वळखलं की," आप्पा लगेच म्हणाले. त्यांच्या कपाळावर एक माशी बसली होती आणि बैलाच्या त्या कानाभोवती तशाच चार-पाच घोंघावत होत्या, पण त्याबद्दल आम्ही कुणीच काही बोललो नाही.

अण्णानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, वशिंड चाचपलं, गळ्याखालची लोंबती पोळी हलवून बघितली. मग डोळे पुसून मला म्हणाला, "काड ती चित्रं."

मी पिशवीतले सगळे फोटो काढले. अण्णा एकेक फोटो बैलाच्या पोटाला लावून बघू लागला, कापडाच्या दुकानात ब्लाउजपीस साडीला लावून बघतात तसा. तोवर शेजारची पाच-सहा माणसं जमली होती. काय चाललंय हे कळल्यावर त्यांनीही मतं द्यायला सुरुवात केली. एकजण म्हणाला पांढरा बरोबर आहे, दुसरा म्हणाला पाठीकडून पांढरा पण मानेकडून नाही, तिसऱ्याचं म्हणणं बैलाला आधी धुवायला पाहिजे. एका म्हाताऱ्यानं पुठ्ठ्यासारखा फोटो हातात घेतला आणि "ह्यो तर माझा बैल" म्हणून तो आपल्याच गोठ्याकडं घेऊन निघाला.

ह्या गोंधळात हिरवा फोटो माझ्या काखेत होता. पाटीतला मका संपलेला होता. कागद एकदम ओढला गेल्यासारखं वाटलं म्हणून मी वळून बघितलं तर अर्धा बैल बैलाच्या तोंडात.

"खाल्लं! फोटो खाल्ला!" बायको ओरडली.

आप्पांनी झटकन त्याच्या जबड्यात हात घालून कागद बाहेर ओढला. हिरव्यातली निळी शाई ओली होऊन पसरली होती. बैलाचे ओठ आणि जीभ निळीशार झाली होती आणि त्याच्या तोंडातून निळी लाळ गळत होती. नेमक्या त्याच वेळी आप्पांच्या आई घरातून आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बैलाचं तोंड बघितलं आणि तांब्या टाकला.

"अय्यय्यो! एत्तिगे एनायतो?"

बैलाला काय झालं, असं त्या विचारत होत्या, पण उत्तराला थांबल्या नाहीत. तोंड निळं पडलं म्हणजे साप चावला असणार. त्या मांत्रिकाला बोलवा म्हणून ओरडू लागल्या, जमलेल्यातला एकजण डॉक्टरला फोन लावू लागला, आणखी एकजण साप शोधायला जाळीत घुसला. बायको आप्पांच्या आईंचा हात धरून कन्नडमधून परत परत सांगत होती की साप नाही, शाई आहे. बैलानं स्वतःचाच फोटो खाल्लाय. हे दुसरं वाक्य ऐकून त्या माझ्या बायकोकडंच संशयानं बघू लागल्या. शेवटी आप्पांनी बादली आणून बैलाचं तोंड धुतलं, अण्णानं आपल्या कोऱ्या टोपीनं पुसलं. निळं पाणी वाहून गेलं. बैलानं फुर्रकन नाकपुड्या उडवल्या आणि उरलेला कागद कुठं आहे ते शोधू लागला. डॉक्टरांना फोनवर विचारलं. एवढ्याशा कागदानं काही होणार नाही, लक्ष ठेवा म्हणाले. मग आईंनी देवाचं नाव घेतलं, माझ्याकडं एकदा रागानं बघितलं आणि चहा टाकायला गेल्या.

सगळं शांत झाल्यावर अण्णा उरलेले फोटो घेऊन बैलाजवळ बसला. माझा पहिला फोटो त्यानं पाठीजवळ धरला, तिथं तो चांगला जुळत होता. मानेजवळ धरला तर मान त्याच्यापेक्षा बरीच गडद होती. पिवळा फोटो कुठंच जुळत नव्हता.

"मान काळवंडली," अण्णा म्हणाला.

"वय झालं की हुतीय," आप्पा म्हणाले. "आनि आता गाड्याला जुंपत न्हाय, नुसता खातोय. रंग भरलाय अंगावर."

"म्हंजे फोटोतला न्हाईच ह्यो."

सगळी मोजमापं करून मी जो रंग कागदावर आणला होता तो बेंदराच्या सकाळचा होता, आणि बैल पुढं निघून गेला होता. अण्णानं पेंडीची पिशवी सोडून मूठ पुढं केली. बैलानं ती चाटून चाटून खाल्ली.

"बरं हाय," अण्णा म्हणाला. "खात्यापित्या घरात पडलाय." आणि मग माझ्याकडं बघून, "ह्यो आता हाय तसा काड. मी हितंच बसतो शेजारी."

मी फोटो काढला. उन्हात, भिंतीच्या कडेला, अण्णाचा हात बैलाच्या मानेवर.

निघताना आप्पांच्या हातात तो पिवळा फोटो होता. ते तो मघापासून न्याहाळत होते. "अण्णा, ह्यो माझ्याकडं ऱ्हाऊ दे काय? सोन्यागत दिसतोय. देवघरासमोर लावतो."

अण्णा घुटमळला. बैल गेल्यापासून फोनमध्ये रोज त्यानं बघितलेला बैल तोच होता. त्यानं फोटोवर एक बोट ठेवलं, काढलं. "ठेवा," तो म्हणाला. "पन उन्हात लावू नका. रंग उडतोय म्हनं."

नवा फोटो मी एका दमात छापला. स्क्रीनवर, गच्चीवर, ट्यूबखाली, सगळीकडं तपासून मी स्वतः बेळगुंदीला घेऊन गेलो. अण्णानं तो दारात धरला, हॉलमध्ये धरला, गोठ्यात नेऊन धरला. मी त्याच्या मागं मागं.

"बैल बरोबर हाय," तो शेवटी म्हणाला.

मी खुर्चीत बसलो.

"पन ह्यो शेजारी कोन बसलाय?"

"तूच की, अण्णा."

"एवढा काळा?"

मी वहिनीकडं बघितलं. वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात भावजींची काय चूक न्हाय."

आता तो फोटो फ्रेम करून अण्णाच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर आहे. फ्रेमवाल्यानं चकचकीत काच घातली आहे, त्यामुळं सकाळी त्यात दारातली मोटारसायकल दिसते आणि बैल बघायला डावीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं. अण्णानं तिथंच खुर्ची टाकली आहे. पाहुणा आला की तो त्याला आधी त्या कोपऱ्यात नेतो, भिंतीकडं हात करतो आणि विचारतो, "रंग कसा आलाय?"

परवा शेजारगावचा एक पाहुणा आला होता. त्यानं सगळ्या हॉलवर नजर फिरवली, भिंतीवरून तळहात फिरवून बघितला.

"झकास आलाय," तो म्हणाला. "कुठल्या कंपनीचा? दोन हात मारलासा का तीन?"

त्याला चहा मिळाला, पण वहिनी सांगते, साखर घालायची राहून गेली होती.